ग्रीक-रोमन पुराणकथांवर खरंच कुणाला जमीन, नागरिकत्व, सत्ता मिळाली का?

वाचनकट्टा_रविवार

नमस्कार मंडळी,

आमच्या गावच्या वाचनालयात दर रविवारी सकाळी दहा-बारा जण जमतात, एकाने काहीतरी वाचून यायचं आणि बाकीच्यांना सांगायचं, एवढाच कार्यक्रम. गेल्या रविवारी माझी पाळी होती. मी ग्रीक-रोमन पुराणकथा घेतल्या होत्या, अथेन्सवरून अथीना देवी आणि समुद्रदेव पोसायडनचं झालेलं भांडण, ट्रॉयचं युद्ध, लांडगीच्या दुधावर जगलेले रोम्युलस आणि रीमस, असं सगळं. तासभर लोक रंगून ऐकत होते. शेवटी आमच्यातले एक काका, तलाठी म्हणून रिटायर झालेत, ते म्हणाले, "गोष्टी झकास आहेत रे, पण या गोष्टींवर कुणाला गुंठाभर जमीन मिळाली का, कुणाचं नाव लागलं का, ते सांग."

मी म्हटलं काका, या कथांमधून त्यांची ओळख घडली, समाज एकत्र आला वगैरे... पण बोलतानाच कळत होतं की हे पुस्तकी उत्तर आहे. काकांनी मान डोलावली, पण त्यांच्या पदरात काही पडलं नाही. तेव्हापासून डोक्यात तेच घोळतंय. पुराणकथेने राजकारण घडवलं असं आपण सहज म्हणून जातो, पण घडवलं म्हणजे नेमकं काय केलं? कुठला निवाडा झाला, कुणाला कर माफ झाला, कुणाला आत घेतलं आणि कुणाला बाहेर ठेवलं? आणि दुसरं म्हणजे ते लोक हे सगळं खरं मानायचे का, की पुढाऱ्यांनी रचलंय हे माहीत असूनही चालवून घ्यायचे?

येत्या रविवारी काकांना नीट उत्तर द्यायचंय. जाणकारांनी हात आखडता न घेता लिहा प्लीज.

चष्मेवाली

तुमच्या तलाठी काकांना माझा नमस्कार सांगा, या विषयातला सगळ्यात कामाचा प्रश्न त्यांनी विचारलाय. उत्तर हो असं आहे, आणि गुंठाभर नाही, अख्खं बेट मिळालं.

अथेन्सच्या किनाऱ्यासमोर सालामिस बेट आहे. त्यावरून अथेन्स आणि शेजारचं मेगारा यांच्यात इ.स.पू. सहाव्या शतकात जुनं भांडण होतं, लढाया करकरून दोघंही दमले आणि शेवटी स्पार्टाची पाच माणसं पंच म्हणून बसवली. आता पंचांपुढे पुरावा काय ठेवायचा? अथेन्सने होमरचं इलियड पुढे केलं. त्यात ट्रॉयला कोण किती जहाजं घेऊन गेला त्याची लांबलचक यादी आहे, आणि अ‍ॅजॅक्सबद्दल दोनच ओळी आहेत, की त्याने सालामिसहून बारा जहाजं आणली आणि अथेन्सच्या फौजेशेजारी लावली. म्हणजे सालामिसचा राजपुत्र अथेन्सवाल्यांच्या बाजूला उभा होता, सबब बेट आमचं. शिवाय अ‍ॅजॅक्सच्या मुलांनी अथेन्सचं नागरिकत्व घेतलं आणि बदल्यात बेट अथेन्सला देऊन टाकलं अशीही कथा होती, आपल्या भाषेत बक्षीसपत्रच. पंचांनी बेट अथेन्सला दिलं. आणि ती दुसरी ओळ अथेन्सचा पुढारी सोलोन यानेच मागाहून इलियडमध्ये घुसवली असं त्या जुन्या काळातच बोललं जायचं, काही जण सोलोनऐवजी पैसिस्ट्रेटस या दुसऱ्या पुढाऱ्याचं नाव घ्यायचे. काकांना हे बरोबर समजेल, कागद खरा आहे की नाही हा वाद तेव्हाही होता, पण कागद लागतो याबद्दल दोन्ही बाजूंचं एकमत होतं.

हाडांचंही तेच. स्पार्टाला टेगिआ हे शेजारचं शहर काही केल्या जिंकता येत नव्हतं, म्हणून डेल्फीच्या देवळात जाऊन कौल मागितला, तर देवाने सांगितलं की ट्रॉयच्या युद्धातल्या ग्रीक सेनापती अ‍ॅगामेम्नॉनचा मुलगा ओरेस्टीस, त्याची हाडं घरी आणा. कुठे आहेत विचारलं तर कोडं घातलं, जिथे दोन वारे जबरदस्तीने वाहतात, घावाला घाव मिळतो आणि दुःखावर दुःख पडतं तिथे. पुढची हकीकत हिरोडोटस या ग्रीक इतिहासकाराने सांगितलीय ती मला फार आवडते. लिकास नावाचा एक स्पार्टन टेगिआत एका लोहाराच्या भट्टीपाशी उभा राहून त्याचं काम बघत होता. लोहार म्हणाला, लोखंडाचं काय बघतोस, मी अंगणात विहीर खणत होतो तर सात हात लांब पेटी लागली, एवढी उंच माणसं असतील यावर विश्वास बसेना म्हणून उघडली तर आतलं प्रेतही तेवढंच लांब, मोजलं आणि परत पुरलं. लिकासला तिथेच कोडं सुटलं, दोन वारे म्हणजे दोन भाते, घावाला घाव म्हणजे हातोडा आणि ऐरण, आणि दुःखावर दुःख म्हणजे ठोकलं जाणारं लोखंड, कारण लोखंडाने माणसाचं वाईटच झालं. त्याने युक्तीने लोहाराकडून ते अंगण भाड्याने घेतलं, खणलं आणि हाडं बांधून स्पार्टाला नेली. तेव्हापासून स्पार्टा टेगिआला भारी पडायला लागलं असं हिरोडोटस म्हणतो.

पण हाडं ओरेस्टीसचीच का हवी होती? कारण स्पार्टाचे लोक स्वतःला डोरियन म्हणवायचे, त्या भागात मागाहून आलेले, आणि अ‍ॅगामेम्नॉनचं घराणं त्यांच्या आधीचं. ते हाड घरात आलं की तुम्ही उपरे राहत नाही, जुन्या राजाचे वारस होता आणि सगळ्या पेलोपोनीसचं, म्हणजे दक्षिण ग्रीसचं, पुढारपण मागू शकता. अथेन्सनेही पुढे इ.स.पू. ४७५ च्या सुमारास हेच केलं, त्यांचा सेनापती किमोनने स्कायरॉस बेट जिंकलं, तिथून एका धिप्पाड माणसाची हाडं, कांस्याचा भाला आणि तलवार आणली आणि हा आपला राजा थीसिअस म्हणून शहरात वाजतगाजत मिरवणूक काढली. बेटही अथेन्सकडेच राहिलं.

ही झाली जमीन. पण माझ्या मते खरा मोठा मुद्दा नागरिकत्वाचा आहे. अथेन्सवाले म्हणायचे की आम्ही कुठून आलोच नाही, आम्ही या मातीतूनच उगवलो. त्यांचा मूळपुरुष एरिक्थोनिअस हा शब्दशः जमिनीतून जन्मलेला, धरतीने त्याला वर दिलं आणि अथीनाने सांभाळलं. जुन्या पिढीतले खानदानी लोक केसांत सोन्याचा सिकाडा म्हणजे रातकिड्यासारखा किरकिर करणारा जो किडा असतो तो खोचायचे, आणि तो किडा जमिनीतून निघतो म्हणून ती मातीतून जन्मल्याची खूण असं मानलं जातं. आणि मग इ.स.पू. ४५१ मध्ये अथेन्सचा पुढारी पेरिक्लीस याने कायदा केला, आई आणि बाप दोघंही अथेन्सचे असतील तरच मूल नागरिक. त्याआधी बाप अथेन्सचा असला की पुरायचं. कायद्याची कारणं अगदी व्यवहारी असणार, नागरिक फार झाले होते असं जुने लेखक सांगतात, पण लोकांनी तो मनापासून उचलून धरला कारण आम्ही मातीतले ही गोष्ट ते लहानपणापासून ऐकत आले होते. पुढे प्लेगमध्ये पेरिक्लीसची दोन्ही औरस मुलं गेली, आणि उरलेला मुलगा मिलेटसच्या अस्पेशियापासून झालेला, म्हणजे त्याच्याच कायद्याने परका. म्हातारपणी त्याला लोकांपुढे हात जोडावे लागले तेव्हा त्या मुलाला नागरिकत्व मिळालं.

अजून एक, आणि हे मी डोळ्यांनी बघितलंय. अथेन्सच्या जुन्या बाजारचौकात, अगोरात, एक लांबट दगडी जोतं आहे, भोवती कुंपणाचे दगडी खांब, बस्स. बहुतेक लोक फोटोही न काढता पुढे जातात. इ.स.पू. ५०८ च्या सुमारास क्लेइस्थेनीस या पुढाऱ्याने जुने चार गट मोडून नागरिकांचे दहा नवे गट केले, शंभर वीरांची नावं डेल्फीला पाठवली, त्यातली दहा देवाने निवडली आणि एकेका गटाला एकेका वीराचं नाव दिलं. त्या दहांचे कांस्याचे पुतळे पुढे या जोत्यावर उभे असायचे आणि खाली नोटिसा लागायच्या, या गटातल्या कुणाला लढाईला बोलावलंय, कुठला नवा कायदा सभेपुढे येतोय. तुमचं नाव शोधायचं तर आधी आपला वीर शोधायचा. अ‍ॅजॅक्स सालामिसचा, म्हणजे बाहेरचा, तरी दहांत घेतला, आणि का घेतला ते आता तुम्हाला सांगायला नको. इ.स.पू. ३०७ मध्ये मॅसिडोनियाचे अँटिगोनस आणि डिमिट्रिअस यांची चलती होती तर त्यांच्या नावाचे दोन गट वाढवले, इ.स.पू. २०० च्या सुमारास मॅसिडोनियाशी बिनसल्यावर ते दोन्ही काढून टाकले, आणि खूप नंतर रोमन सम्राट हेड्रियनचंही नाव आलं. काकांच्या भाषेत सांगायचं तर हे फेरफार रजिस्टरच आहे, फक्त पुतळ्यांचं.

नाणेवेडा

चष्मेवाली ताई, एक नंबर. रोमची बाजू मी घेतो, कारण ती नाण्यांवर दिसते.

सीझरचं एक चांदीचं डिनारिअस आहे, इ.स.पू. ४७-४६ चं, मी एका परदेशी म्युझियममध्ये काचेपलीकडून बघितलं. अंगठ्याच्या नखाहून जरासं मोठं, चार ग्रॅमच्या आतबाहेर. एका बाजूला व्हीनस देवीचं मुख. दुसऱ्या बाजूला एनियस चालत निघालाय, ट्रॉय जळतंय म्हणून, डाव्या खांद्यावर म्हातारा बाप, उजव्या हातात अथीनाची छोटी मूर्ती. आपल्याला पटकन श्रावणबाळच आठवतो. आणि बाजूला एकच शब्द, सीझर.

आता ही काय भानगड आहे बघा. एनियस हा व्हीनसचा मुलगा, ट्रॉयहून इटलीत आला, त्याच्या मुलाचं एक नाव इयुलस, आणि ज्युलियस घराणं म्हणायचं की आमचं नाव त्या इयुलसवरूनच. इ.स.पू. ६९ मध्ये सीझरची आत्या गेली तेव्हा तो अजून काही मोठा माणूस नव्हता, पण अंत्यविधीच्या भाषणात त्याने भर चौकात सांगितलं की आत्याचं आईकडचं कूळ राजांचं आणि बापाकडचं देवीचं. वीस-बावीस वर्षांनी तेच वाक्य नाण्यावर छापलं गेलं, आणि छापलं कधी तर आपल्याच लोकांशी यादवी चालू असताना, म्हणजे सैनिकाच्या हातात पडणाऱ्या चांदीवर लिहिलंय की तुझा सेनापती देवीचा वंशज आहे. इ.स.पू. ४६ मध्ये कुळाची आई म्हणून व्हीनसचं देऊळही बांधून झालं. काकांना सांगा ही वारस नोंद, आणि या नोंदीवर पुढे सीझरचा दत्तक वारस ऑगस्टस बादशहा झाला. ऑगस्टसने इ.स.पू. २ मध्ये स्वतःचा चौक उघडला त्यात एका बाजूच्या अर्धगोलात एनियस आणि समोरच्यात रोम्युलस, मधून चालणाऱ्याला दोन्हीकडून एकच गोष्ट सांगितली जाते.

कर माफीचं विचारलं होतंत, तेही आहे. ट्रॉयच्या जागेवर पुढे इलियम नावाचं गाव होतं. इ.स.पू. १९० मध्ये रोमन फौजा आशियात उतरल्या तेव्हा इलियमकरांनी हसतमुखाने स्वागत केलं की तुम्ही तर आमचेच, आमच्या एनियसची लेकरं, आणि रोमन सेनापतीने वर जाऊन अथीनेला बळी दिला. दोन वर्षांनी तह झाला त्यात इलियमला शेजारची दोन गावं मिळाली. लिव्ही हा रोमन इतिहासकार स्वतःच सांगतो की हे अलीकडच्या कुठल्या मदतीसाठी नव्हतं, मूळ गावाची आठवण म्हणून होतं. सम्राट क्लॉडिअसने इ.स. ५३ मध्ये इलियमचा कर कायमचा काढून टाकला.

पण हेही सांगायला पाहिजे. इ.स.पू. ८५ मध्ये फिंब्रिया नावाचा रोमन सेनापती इलियमला आला, दरवाजे बंद बघून म्हणाला मीही रोमनच आहे, आपण नातेवाईक, आत घ्या. त्यांनी घेतलं, आणि त्याने गावाची कत्तल केली.

वाचनकट्टा_रविवार

बापरे. हे शेवटचं वाचून थांबायला झालं.

तुम्हा दोघांचं वाचून मला एक वाटतंय, बरोबर आहे का बघा. अथेन्स म्हणतं आम्ही इथलेच, कुठूनही आलो नाही. रोम म्हणतं आम्ही जळत्या गावातून पळून आलेले. एकाच्या गोष्टीत दार बंद आहे आणि दुसऱ्याच्या गोष्टीत उघडं, असं म्हणता येईल का?

चष्मेवाली

म्हणता येईल, आणि हे तुमच्याआधी एका रोमन सम्राटाने भर सिनेटमध्ये, म्हणजे रोमच्या मोठ्या पुढाऱ्यांच्या सभेत, म्हटलंय, तेही वर आलेल्या त्याच क्लॉडिअसने. इ.स. ४८ मध्ये गॉल म्हणजे आजच्या फ्रान्समधल्या पुढाऱ्यांनी सिनेटमध्ये जागा मागितली. जुने सिनेटर चिडले, कालपरवापर्यंत आमच्याशी लढत होते आणि आज शेजारी बसणार? टॅसिटस या रोमन इतिहासकाराने दिलेल्या भाषणात क्लॉडिअस म्हणतो की स्पार्टा आणि अथेन्स लढाईत एवढे तगडे असून बुडाले ते जिंकलेल्यांना परके म्हणून दूर ठेवलं म्हणून, आणि आपला रोम्युलस मात्र सकाळी ज्यांच्याशी लढला त्यांना संध्याकाळी नागरिक करून घ्यायचा. म्हणजे तुम्ही विचारलंत तीच तुलना!

आणि हे नुसतं इतिहासकाराने रचलेलं नाही. १५२८ मध्ये ल्यों शहरात द्राक्षमळ्यात एक मोठा कांस्याचा पत्रा सापडला, त्यावर याच भाषणाचा काही भाग कोरलेला आहे. शब्द टॅसिटसपेक्षा वेगळे आहेत पण रोख तोच, की आपले राजे तरी कुठे इथले होते, नुमा शेजारच्या सॅबाइन लोकांतला, टार्क्विनचा बाप ग्रीसमधल्या कॉरिंथचा, सर्व्हिअसची आई युद्धकैदी. क्लॉडिअस स्वतः ल्योंमध्येच जन्मलेला, त्यामुळे तो हे पोटतिडकीने बोलला असणार असं मला तरी वाटतं. आणि निकाल लागला, गॉलमधल्या एडुई जमातीचे लोक सिनेटमध्ये बसले.

रोमच्या कथेत सुरुवातच अशी आहे की रोम्युलसने कॅपिटोलाइन टेकडीवर आसरा उघडला, पळालेले, कर्जबाजारी, गुलाम, कुणीही या. अथेन्सच्या कुठल्या मूळ कथेत असं वाक्यच बसणार नाही.

नाणेवेडा

ताई, इथे मी थोडा अडतो. दार उघडं होतं हे रोमचं रोमने स्वतःबद्दल सांगितलेलं आहे. बाहेर उभ्या असलेल्यांना विचारा.

इ.स.पू. ९१ ते ८८, इटलीतली मित्रशहरं रोमच्या विरुद्ध उठली. ही माणसं पिढ्यान्‌पिढ्या रोमसाठी लढत होती, मरत होती, पण मताचा अधिकार नाही, नागरिकत्व नाही, मागितलं तर नाही म्हणाले. त्यांनी स्वतःची नाणी पाडली. त्यातल्या एकावर बैल आहे आणि त्याने लांडगीला शिंगांखाली घेतलंय. बैल म्हणजे इटली, कारण इटली हे नाव वासरावरून आलं असं ते मानायचे, आणि लांडगी म्हणजे कोण ते सांगायला नको. खाली लॅटिन नाही, ऑस्कन लिपीत त्यांच्या भाषेतलं देशाचं नाव. एवढ्याशा चांदीत केवढा राग आहे! रोमची आई म्हणून जिची पूजा होते तिलाच पायाखाली घेतलं. आणि लढाई अंगाशी आल्यावरच, इ.स.पू. ९० मध्ये रोमने कायदा करून नागरिकत्व द्यायला सुरुवात केली. दार उघडलं, पण धक्के मारल्यावर उघडलं, आणि नंतर म्हणायला मोकळे की आमचं दार रोम्युलसच्या काळापासून उघडंच आहे.

रानजाई

दोघांचंही पटतंय, पण या सगळ्यात बायका कुठे आहेत?

अथेन्सच्या त्या मातीतून उगवण्याच्या कथेत आई लागतच नाही, ते मला फार खटकतं. आणि अथीना-पोसायडनच्या भांडणाची एक आवृत्ती आहे, व्हॅरो या रोमन पंडिताने नोंदवलेली आणि संत ऑगस्टिनने जपून ठेवलेली. राजा केक्रॉप्सने शहराला नाव कुणाचं द्यायचं यावर मतदान घेतलं, तेव्हा बायकाही मत द्यायच्या. पुरुषांनी सगळी मतं पोसायडनला दिली, बायकांनी अथीनाला, आणि बायका एकाने जास्त होत्या म्हणून अथीना जिंकली. पोसायडन चिडून समुद्र घेऊन आत आला, तेव्हा त्याला शांत करायला बायकांना तीन शिक्षा झाल्या, यापुढे मत द्यायचं नाही, मुलांना आईचं नाव लावायचं नाही आणि स्वतःला अथेनियन म्हणवायचं नाही. ज्या देवीला बायकांनी निवडून आणलं तिच्याच शहरात!

रोममध्ये आसऱ्याला आले ते सगळे पुरुष, मग बायका कुठून आणायच्या तर सॅबाइन लोकांना सणाला बोलावून त्यांच्या मुली पळवल्या. तुमचं उघडं दार मुलींसाठी असं उघडलं होतं. पुढे त्याच मुली, आता आया झालेल्या, बाप आणि नवरे लढत असताना मध्ये जाऊन उभ्या राहिल्या आणि दोन जमाती एक झाल्या, असं कथा सांगते. मला ही कथा वाचताना नेहमी वाटतं की रोमनांना मनात कुठेतरी माहीत होतं आपलं शहर कशावर उभं आहे, नाहीतर स्वतःच्या जन्मकथेत भावाचा खून आणि मुलींचं अपहरण कोण ठेवेल?

आंबोलीकर

थोडं अवांतर, पण आपल्याकडेही हे आहेच की. देवगिरीचे यादव स्वतःला कृष्णाच्या यदुकुळातले म्हणवायचे, लेखांत द्वारावतीपुरवराधीश्वर अशी पदवी लावायचे, म्हणजे राज्य गोदावरीच्या खोऱ्यात आणि मालकी द्वारकेची. हेमाद्रीने वंशावळही रचून दिली होती.

चष्मेवाली

आंबोलीकर, अवांतर नाही, चांगलं आणलंत, पण फरकही बघा. यादवांचं किंवा सीझरचं आहे ते एका घराण्याचं म्हणणं, राजा सोडून बाकीच्या रयतेला त्यात काही मिळत नाही. अथेन्समध्ये साधा चांभार, कुंभार, वल्हं मारणारा, सगळेच मातीतून जन्मलेले, सगळेच राजपुत्र. म्हणून तिथे ती कथा लोकशाहीला खतपाणी घालते आणि त्याच वेळी परक्याला, गुलामाला, परगावच्या आईच्या मुलाला बाहेर काढते. दोन्ही कामं एकाच कथेने केली, याचा मला अजून उलगडा होत नाही की यावर आनंद मानावा की दुःख.

रानजाई, रीमसच्या खुनाबद्दल अगदी खरं. यादवी पेटली तेव्हा होरेस या कवीने सरळ लिहिलं की रीमसचं रक्त सांडलं तेव्हापासून हा शाप मागे लागलाय. आणि ऑक्टेव्हियनच्या मनात रोम्युलस हे नाव घ्यायचं होतं असं सांगतात, पण इ.स.पू. २७ मध्ये ते सोडून ऑगस्टस घेतलं. भावाला मारून राजा झालेल्याचं नाव, यादवी जिंकून आलेल्या माणसाला परवडणारं नव्हतं.

टेम्सकाठचा

मी लंडनला असतो म्हणून इकडचं एक सांगतो, हा उद्योग रोमबरोबर संपला नाही. १३०१ मध्ये इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याने पोपला पत्र लिहिलं, स्कॉटलंड आपलं का आहे ते पटवायला. सुरुवात कुठून, तर ट्रॉयपासून! एनियसच्या वंशातला ब्रूटस या बेटावर आला, राक्षस मारले, तीन मुलांत बेट वाटलं, थोरल्याला इंग्लंड, धाकट्यांना स्कॉटलंड आणि वेल्स, आणि थोरल्याचा हक्क वरचढ. भाऊबंदकीचा दावाच. स्कॉटलंडच्या वकिलांनी पोपपुढे उलट कथा मांडली की आम्ही मुळी ब्रूटसचे नाहीच, आम्ही इजिप्तच्या फेरोची मुलगी स्कोटा हिचे वंशज. कथा खोटी आहे असं नुसतं म्हणून भागत नव्हतं, तोडीस तोड दुसरी आणावी लागत होती.

आणि मुसोलिनीने इटलीत १ मेची कामगारांची सुट्टी बंद करून ती २१ एप्रिलला, म्हणजे रोम्युलसने रोम वसवलं त्या दिवशी ठेवली. कामगारांचा दिवस जुन्या कथेने गिळला.

नाणेवेडा

धाग्यातला दुसरा प्रश्न राहिला, खरं मानायचे का. लिव्हीने आपल्या इतिहासाच्या सुरुवातीलाच यावर लिहिलंय. तो म्हणतो की या जुन्या गोष्टी मी खऱ्याही म्हणत नाही आणि खोट्याही पाडत नाही, पण रोमने लढाईत एवढं मिळवलंय की आमचा बाप युद्धदेव मार्स आहे असं आम्ही म्हटलं तर जगाने आमचं राज्य सोसतं तसं तेही सोसावं. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा दोन दिवस डोक्यातून जात नव्हतं. खरं-खोटं हा मुद्दाच नाही, म्हणणाऱ्याच्या हातात काय आहे हा मुद्दा आहे.

आणि साधी माणसं काय करत होती ते पॉम्पेईत दिसतं. तिथे एका दुकानाच्या दर्शनी भिंतीवर एनियस आणि रोम्युलस रंगवलेत, ऑगस्टसच्या चौकातले होते तसेच. शेजारी कुणीतरी व्हर्जिलच्या एनियसवरच्या महाकाव्याची पहिली ओळ फिरवून खरडलंय, मी शस्त्रं आणि वीर गात नाही, मी परटांचं आणि घुबडाचं गाणं गातो. त्याच भागातल्या दुसऱ्या एका चित्रात एनियस, बाप आणि मुलगा तिघांनाही कुत्र्याच्या तोंडाची माकडं केलंय. म्हणजे बादशहाची कथा लोकांना पाठ होती, दारावर लावण्याइतकी आवडत होती, आणि त्यांनी तिला आपल्या हाताने वळवलीही.

वाचनकट्टा_रविवार

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. रविवारपर्यंत दम निघेना म्हणून काल संध्याकाळी काकांच्या घरी जाऊन सालामिसची गोष्ट सांगितली. त्यांनी चहा बाजूला ठेवून पूर्ण ऐकली आणि एकच विचारलं, "मेगाराने काय कागद दाखवला ते नाही सांगितलंस. एकाच बाजूचं ऐकून निवाडा कसा करायचा?" चष्मेवाली ताई, याचं काही आहे का?

चष्मेवाली

आहे! काकांनी बरोबर जागी बोट ठेवलं. मेगारावाले म्हणायचे की खरी ओळ वेगळीच होती, अ‍ॅजॅक्सने जहाजं आणली ती सालामिसहून, पोलिख्नाहून, एगिरुसाहून, निसाईआहून आणि ट्रायपोडीसहून. यातली सालामिस सोडून बाकीची चारही ठिकाणं मेगाराच्या हद्दीतली. म्हणजे त्यांच्या ओळीप्रमाणे अ‍ॅजॅक्स त्यांचा, त्याचं बेटही त्यांचं, आणि अथेन्सचा त्यात उल्लेखच नाही.

ही ओळ आज आपल्याला माहीत आहे ती स्ट्रेबो या भूगोलकाराने शेकडो वर्षांनी आपल्या ग्रंथात उतरवून ठेवली म्हणून. इलियडची छापील प्रत उघडलीत तर दुसऱ्या सर्गात अथेन्सचीच ओळ मिळेल, काही संपादक तिला कंसात टाकतात, पण असते तिथेच.